राख बरोबर, उकिरडा चूक

न्हाणीतलं पाणी तापायला ठेवलं की आजीची परसात एक फेरी व्हायची. एका हातात चुलीतल्या राखेची पाटी, दुसऱ्या हातात पत्र्याचा वाकवलेला तुकडा. घरच्या मोती कुत्र्यानं रात्री कुठं घाण केली आहे ते तिला न शोधता सापडायचं. आधी वरून राखेच्या दोन मुठी, मग घटकाभर थांबणं, मग पत्र्यानं खरवडून उचलणं. खालची बोटभर मातीही त्यासोबत निघायची. हे सगळं जायचं वाड्यामागच्या उकिरड्यावर, शेणाच्या नि काडीकचऱ्याच्या ढिगात. उन्हाळ्यात तोच उकिरडा उपसला जायचा. गाड्या शेतात जायच्या आणि राहिलेलं पाटीभर खत परसातल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात पडायचं.

केज तालुक्यातल्या नांदूरघाटचं हे परस. अशी परसं मराठवाड्याच्या कुठल्याही गावात सापडतील. आजीच्या या शिस्तीत खोट काढायची माझी कधी हिंमत झाली नाही. जंतांविषयी वाचायला लागलो तेव्हा कळलं, की तिची निम्मी पद्धत आजच्या शास्त्रालाही मान्य होईल अशी होती आणि उरलेली निम्मी घातक होती. राख बरोबर होती, रोज उचलणं बरोबर होतं, खालची माती खरवडणं तर फारच बरोबर होतं. चुकत होता तो शेवटचा मुक्काम, म्हणजे उकिरडा.

आपल्या मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो: जनावराचं शेण म्हणजे खत. गायीचं, म्हशीचं, शेळीच्या लेंड्या, कोंबडीची विष्ठा, सगळं जमिनीला चालतं. मग कुत्र्याचंच काय वाईट? फरक आहे तो पोटात. गाय गवत खाते, तिच्या शेणात पचलेला-न पचलेला चारा असतो. कुत्रा भाकरी खातो, हाडकं खातो, मेलेला उंदीर खातो, खाटकाच्या दुकानामागचं काहीही खातो. त्याच्या विष्ठेत नत्र जास्त, तंतू कमी. ती झाडाच्या मुळाशी थेट टाकली तर झाडच करपतं. पण खरी अडचण नत्राची नाही. कुत्र्याच्या आतड्यात राहणारे काही जंत माणसाच्या शरीरातही शिरू शकतात आणि विष्ठेवाटे पडणारी त्यांची अंडी मातीत वाट पाहत बसतात.

यातला सगळ्यात सर्रास आढळणारा म्हणजे टॉक्सोकारा नावाचा गोल जंत. पिल्लांत तर तो हमखास असतो, कारण आईच्या पोटात असतानाच तो त्यांच्यात उतरतो. एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. आता गंमत पाहा. ताज्या विष्ठेतलं टॉक्सोकाराचं अंडं निरुपद्रवी असतं. ते पिकायला, म्हणजे आतली अळी तयार व्हायला, मातीत साधारण २ ते ४ आठवडे लागतात. त्यानंतर मात्र ते अंडं महिनोन्‌महिने, अनुकूल जागा असेल तर काही वर्षंसुद्धा जिवंत राहतं. म्हणजे आज सकाळची घाण आज सकाळीच उचलली तर धोका जवळजवळ तिथंच संपतो, आणि ‘राहू दे, वाळली की आपोआप मातीत जाईल’ म्हटलं तर तो सुरू होतो. वाळून दिसेनाशी होते ती विष्ठा. अंडी तिथंच असतात.

ती पोटात जातात हातावाटे, नखांतल्या मातीवाटे आणि न धुतलेल्या कच्च्या भाजीवाटे. माती खाणारं लहान मूल हे त्यांचं सगळ्यात सोपं गिऱ्हाईक. माणसाच्या पोटात अळी बाहेर येते, पण माणूस काही कुत्रा नव्हे, त्यामुळे ती पूर्ण वाढत नाही. वाट चुकलेल्या पाहुण्यासारखी यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यात भटकत राहते. १९५० मध्ये अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी कर्करोगाच्या वगैरे संशयावरून काढून टाकलेले मुलांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यातल्या अनेक डोळ्यांत कर्करोग नव्हताच, जंताच्या अळ्या होत्या. एका मुलाची एका डोळ्याची दृष्टी अंगणातल्या मातीपायी जावी, हे तेव्हा डॉक्टरांनाही नवं होतं. बहुतेकांना या संसर्गाचा पत्ताही लागत नाही, एवढं मात्र सांगायला हवं. घाबरून कुत्रा हाकलण्याचं कारण नाही.

दुसरा आहे अंकुशकृमी. याला तोंडावाटे जायची गरज नसते. ओल्या, उबदार मातीत आठवडाभरात त्याची अळी तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. कुत्र्यातला अंकुशकृमी माणसाच्या कातडीखालीच अडकतो आणि तिथं नागमोडी, लाल, खाजरी रेघ उमटवत रोज थोडा थोडा पुढं सरकतो. काळ्या चिकण मातीपेक्षा त्याला मोकळी, रेताड जागा आवडते. म्हणून मला परसापेक्षा जास्त काळजी वाटते ती घराच्या बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगाची. गावात कुठंही असा ढीग पडला की दुपारी त्यावर पोरं खेळतात आणि रात्री त्यातच कुत्री उकरून बसतात. ढिगावर एक जुनं ताडपत्रीचं ठिगळ टाकायला दोन मिनिटं लागतात.

आता परसाकडे येऊ, कारण बीडसारख्या कोरड्या मुलखात परसाची गोष्ट निराळी आहे. उन्हाळ्यात इथलं ऊन चाळिशीच्या पार जातं. अशा उन्हात उघड्या, तापलेल्या, कोरड्या मातीत जंतांची अंडी नि अळ्या फार काळ टिकत नाहीत. त्यांना हवा असतो ओलावा आणि सावली. दुष्काळी गावात एप्रिल-मे महिन्यात ओलावा आणि सावली असते कुठं? न्हाणीचं सांडपाणी जिथं सोडलेलं असतं तिथं. अळूच्या पानाखाली, कढीपत्त्याच्या नि पपईच्या सावलीत, कोथिंबिरीच्या वाफ्यात. कुत्र्यालाही तीच जागा हवी असते; दुपारी तो ओली माती उकरून पोट टेकवून तिथंच पडतो. उन्हाच्या तडाख्यानं माणूस, कुत्रा, भाजी आणि जंताचं अंडं यांना एकाच वीस फुटांत आणून बसवलेलं असतं. ओल्या प्रदेशातल्या पुस्तकांतले सल्ले वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. आपल्याकडे सबंध गावाच्या मातीची चिंता करण्याआधी त्या हिरव्या तुकड्याची करावी. वाफ्याभोवती गुडघ्याएवढं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं तरी निम्मं काम होतं. कुत्र्याला दुसऱ्या सावलीत एक ओला खळगा करून दिला तर उरलेलंही.

फिनाईलबद्दल एक शब्द. अंगणात कुत्र्यानं घाण केली की वर बादलीभर फिनाईलचं पाणी ओतायचं, ही हल्लीची पद्धत. त्यानं वास जातो. जीवाणूंवर थोडाफार परिणामही होतो. गोल जंताच्या अंड्याचं कवच मात्र इतकं चिवट असतं, की नेहमीच्या जंतुनाशकांना ते दाद देत नाही. उलट पाण्यानं घाण पसरते आणि नालीतून वाहत शेजारच्या परसात जाते. आजीची राख इथं शंभर टक्के बरोबर होती. राख ओल शोषून घेते, माशा बसू देत नाही, घाण सुटी करते आणि उचलताना मागं लगदा राहत नाही. शिवाय ती क्षारयुक्त असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये मानवी मैल्याच्या खतासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही राख-चुन्यानं क्षारता वाढवून ठेवण्याचा उपाय दिला आहे. अर्थात नुसती राख टाकून काम भागत नाही, सोबत वेळ द्यावा लागतो. आजीनं वेळच दिला नाही.

उकिरड्यात ते सडून जात नसेल का, असं कुणी विचारील. सडतं, पण तापत नाही. जंतांची अंडी खात्रीनं मारायची तर ढीग ५५ अंशांच्या वर जायला हवा, तोही तासाभरासाठी नव्हे, सलग काही दिवस, आणि वरखाली करून त्याचा प्रत्येक भाग. आपला उकिरडा म्हणजे रोज थोडं थोडं वरून टाकत गेलेला पसरट ढीग. त्याचं पोट जरा कोमट होतं, कडा थंडच राहतात. पुसदच्या नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाकांनी, विटांच्या जाळीदार टाक्याची पद्धत शोधली, ती काडीकचऱ्याला नि शेणाला उत्तम आहे. पण तीही कुत्र्याच्या घाणीसाठी नाही. गांडूळखताचा मार्ग तर सरळ बंद. गांडुळं जगावीत म्हणून तो ढीग मुद्दाम थंड ठेवतात, आणि थंड ढिगात अंडीही सुखानं जगतात. गोबरगॅसच्या स्लरीचंही तसंच. साध्या तापमानावर चालणाऱ्या संयंत्रातून अंडी सहीसलामत बाहेर येऊ शकतात.

कुत्र्याच्या विष्ठेचं गरम कंपोस्ट करून दाखवलं ते अलास्कात. फेअरबँक्सच्या आसपास बर्फावर घसरगाड्या ओढणारी कुत्री पाळणारे लोक आहेत. तिथं १९९१ मध्ये शेतीखात्याच्या माणसांनी त्यांच्यासोबत प्रयोग केले. दोन भाग विष्ठा, एक भाग लाकडाचा भुसा, ओल नेमकी, वरचेवर खालीवर करणं. ढीग साठ अंशांच्या घरात गेला. पण त्यांच्याकडे एकेका गोठ्यात डझनावारी कुत्री होती. तुमच्या-माझ्या एका मोतीच्या दिवसाला पाव किलोत ढीग तापणार कसा? आणि एवढं करूनही ते खत खायच्या पिकांना घालू नका, असंच त्यांनी सांगितलं.

मग उपाय काय? तो आपल्याकडेच, कुत्र्यासाठी नव्हे पण माणसासाठी, शोधला गेला आहे. कणकवलीला गोपुरी आश्रम उभारणारे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) हे ब्राह्मण कुळातले गांधीवादी. भंगीकाम हे एका जातीच्या डोक्यावर लादलेलं ओझं आहे आणि ते सगळ्यांनी वाटून घेतल्याशिवाय, किंवा त्याची गरजच संपवल्याशिवाय, अस्पृश्यता जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतः मैला उचलून त्यांनी ते जगून दाखवलं. ‘गोपुरी संडास’ हा त्याच विचाराचा भाग: मैला मातीखाली झाकून ठेवायचा, जागा आलटून-पालटून वापरायची आणि पुरेसा काळ गेल्यावर जे मिळतं ते सोनखत. पुढे देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून गेलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी आयुष्य याच कामाला वाहिलं. देहू हागणदारीमुक्त करणं, मैल्यावरचं बायोगॅस संयंत्र सुधारणं हे त्यांचं काम. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आज गावोगाव सरकारी अनुदानातून बांधलेले दोन शोषखड्ड्यांचे संडास याच परंपरेतले आहेत. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्याला विसरून जायचं.

कुत्र्यासाठी तेच लहान प्रमाणात करावं. परसाच्या कोपऱ्यात दोन फूट रुंद नि तीनेक फूट खोल असे दोन खड्डे. एका कुत्र्याच्या रोजच्या घाणीवर तेवढीच राख, वाळली माती किंवा लाकडाचा भुसा टाकत गेलं तर एक खड्डा साधारण वर्षभर पुरतो. वर झाकण म्हणून शहाबादी फरशीचा तुकडा किंवा दगड ठेवलेला पत्रा. नाहीतर मोतीच तो उकरून काढील. काठ चार बोटं उंच करून घ्यावा, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार नाही. जागा निवडताना भाजीचा वाफा दूर आणि विहीर किंवा बोअर त्याहून दूर. शोषखड्डा पाण्यापासून निदान १० मीटर लांब असावा, असं सर्वसाधारण सांगतात; आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम नि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण असतो. भेगेतून पाणी कुठून कुठं जाईल याचा नेम नसतो, म्हणून मी म्हणेन की जमेल तितकं अंतर वाढवावं आणि खड्डा मुरुमापर्यंत नेऊ नये. काळी माती दोनच फूट असेल तर खड्डा दोनच फूट खोल करून रुंद करावा.

भरलेला खड्डा बुजवून त्यावर तारीख लिहावी. खडूनं नको, पावसात पुसते, फरशीवर रंगानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनात, जिथं तापमान वीस अंशांच्या वर राहतं तिथं वर्षाहून अधिक काळ मैला न हलवता ठेवावा, असं म्हटलं आहे. कुत्र्यासाठी दोन वर्षं धरावीत. जागा असेल तर खड्डा पुन्हा उघडूच नये, शेजारी तिसरा काढावा. जागा नसेल, वाडा लहान असेल, तर घरच्या संडासात टाकून पाणी ओतणं हाही मार्ग आहे. फक्त त्यासोबत माती, खडे, काड्या जाऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर नळी तुंबते. शहरातल्या माणसानं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात द्यावं. मुंबई महापालिकेनं २००६ च्या स्वच्छता उपविधींत कुत्र्याची रस्त्यावरची घाण न उचलणाऱ्या मालकाला दंड ठेवला आहे. तिथं तो मालक पिशवी घेऊन फिरतो तरी. गावात कुत्रा मोकळा असतो आणि मालक अर्धाच असतो.

उचलायचं खुरपं वेगळं ठेवावं. मुठीला लाल रंगाचा पट्टा मारावा, म्हणजे कुणी गडबडीत तेच घेऊन मेथी खुरपणार नाही. हात साबणानं धुवायचे, नुसत्या मातीनं घासून नाही. कच्ची खायची पानं, म्हणजे कोथिंबीर, मुळ्याचा पाला, कांद्याची पात, दोन-तीन पाण्यांत चोळून धुवायची. अंडी चिकट असतात, नुसतं पाण्यात बुडवून ती सुटत नाहीत. कुत्र्याला रक्ताचे जुलाब झाले असतील तर तो पार्वो असू शकतो. तो माणसाला होत नाही, पण त्याचा विषाणू जमिनीत अनेक महिने राहतो. त्या परसात लस न झालेलं नवीन पिल्लू आणायची घाई करू नये.

या सगळ्यात एक जंत मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्याला उचलणं-पुरणं पुरत नाही. त्याचं नाव एकायनोकॉकस. कुत्र्याच्या आतड्यात तो अवघा काही मिलिमीटरचा पट्टकृमी असतो आणि कुत्र्याला त्याचा काही त्रास होत नाही. पण त्याची अंडी बाहेर पडतात तीच पिकलेली; दोन-चार आठवड्यांची सवलत इथं नाही. ती विष्ठेत असतात, कुत्र्याच्या केसांना चिकटलेली असतात. माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात पाण्यानं भरलेली गाठ तयार होते. ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, आणि कधीतरी सोनोग्राफीत नारळाएवढी दिसते. डॉक्टर तिला हायडॅटिड म्हणतात. ही गाठ शेळ्या-मेंढ्यांतही होते, आणि कुत्र्याला जंत होतो तो अशा शेळी-मेंढीचं गाठ असलेलं काळीज किंवा फुप्फुस कच्चं खाल्ल्यानं. चक्र पूर्ण झालं: मेंढी, कुत्रा, पुन्हा मेंढी, आणि मध्येच सापडलेला माणूस.

आइसलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा आजार घरोघरी होता. हाराल्ड क्राबे नावाचा डॅनिश संशोधक १८६३ मध्ये तिथं गेला, त्यानं कुत्री तपासली आणि दुसऱ्याच वर्षी साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली. ती घरोघरी फुकट वाटली गेली. मेंढी कापल्यावर गाठी असलेलं मांस कुत्र्याला घालू नका, पुरा किंवा जाळा, कुत्र्याला जंताचं औषध द्या, हात धुवा. पुढे १८९० मध्ये तिथं कायदाही आला. वाचणारा समाज होता, त्यानं वाचलं आणि ऐकलं. पुढच्या पिढ्यांत तो आजार त्या बेटावरून नाहीसा झाला.

बालाघाटच्या डोंगरात शेळ्या-मेंढ्या आहेत, त्यांच्यामागे कुत्री आहेत, आणि जत्रेला, नवसाला, आखाडात बोकड कापला की त्याचं नको असलेलं ‘आतलं’ कुत्र्यांकडेच फेकलं जातं. भूतदया म्हणूनच फेकतात. ते शिजवून दिलं तर काही बिघडत नाही. पाण्यात चांगलं अर्धा तास उकळलं की गाठ मरते. पाणी भरलेली, पांढरट फुगीर गाठ दिसलीच तर ती चिरायची नाही, तशीच खोल पुरायची, कुत्र्याला उकरता येणार नाही इतकी खोल, वर दगड. आणि घरच्या कुत्र्याला तीन-तीन महिन्यांनी जंताचं औषध. ते देताना गुरांच्या डॉक्टरांना ‘पट्टकृमीवरचंही असू द्या’ असं स्पष्ट सांगावं, कारण नुसत्या गोल जंतावरच्या स्वस्त औषधाचा या जंतावर काहीच परिणाम होत नाही. औषध वजनावर असतं. मोतीला उचलून आपण धान्याच्या काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. औषधानंतरचे दोन-तीन दिवस त्याला बांधून ठेवायचं आणि त्या दिवसांची घाण एकूणएक खड्ड्यात, कारण त्यात अंडी असू शकतात.

आजीचा उकिरडा अजून तिथंच आहे, फक्त त्याच्या वाटेवर आता दोन फरशा आहेत. एकीवर लाल रंगात गेल्या वर्षीची तारीख आहे. ती उघडली जाईल तेव्हा आतली काळी, वास नसलेली माती बोगनवेलीच्या आळ्यात जाईल, फार तर कुंपणाच्या कडुनिंबाच्या. मेथीला नाही.